सड्यावर प्लॉटिंग येतंय? हरकत घेणाऱ्या नवख्यांसाठी

सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर, चुन्याच्या रेघा दिसल्या, सिमेंटचे खुंट उभे राहिले आणि रस्त्याला ‘सी व्ह्यू’ची कमान लागली की लोक जागे होतात. तोवर कागदोपत्री निम्मं काम उरकलेलं असतं. एजंटाने सहहिस्सेदारांच्या सह्या गोळा केलेल्या असतात, मोजणी झालेली असते, नगररचनेत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेलेली असते. मग आपण बॅनर छापतो, तहसीलवर मोर्चा नेतो, पेपरात फोटो येतो. चार दिवसांनी जेसीबी परत सुरू.

आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान शहरात पाच-सहा जण हे काम करतो. वकील कोणीच नाही. एक निवृत्त शिक्षिका, एक हापूसवाला बागायतदार, एक झेरॉक्सवाला (हा माणूस गटात असावाच) आणि बाकी माझ्यासारखे. एक प्रकरण जिंकलो, एक हरलो, एक लोंबकळतंय.

सातबारा सड्याला ‘पोटखराब’ (लागवडीला अयोग्य) नाहीतर ‘वरकस’ (हलकी जमीन) म्हणतो आणि जाहिरात त्यालाच ‘सी व्ह्यू’ म्हणते. सड्यावर मुरणारं पाणी, गुरांचा चारा, कातळशिल्पं (खडकावर कोरलेली जुनी चित्रं) यांना कुठल्याच रकान्यात जागा नाही. ती नोंद मुदतीच्या आत, सर्व्हे नंबरसकट सरकारी फाइलीत घालणं, हेच हरकतीचं काम. बाकी सगळं त्याभोवतीचं.

कोणाच्या विरोधात जायचं नाही

हे आधी ठरवा, नाहीतर गट महिनाभरात फुटतो. वाडीतल्या मुलाने वडिलोपार्जित हिश्शात घर बांधलं, कोळीवाड्यात कोणी खोली वाढवली, तर तिथे आपलं काही काम नाही. आपला आक्षेप सड्यावरच्या साठ-सत्तर प्लॉटच्या वसाहतींना. आणि लक्षात ठेवा, जमीन विकणारा बहुतेक वेळा आपलाच चुलता असतो. त्याच्या घरी पहिल्यांदा जा. मुलीचं लग्न, आजारपण, मुंबईतल्या खोलीचं कर्ज, काहीतरी कारण असतंच. आमच्याकडे एकाने निम्मी जमीन राखली, ती केवळ कोणीतरी येऊन विचारलं म्हणून.

जमीन नकाशात कुठल्या रंगात आहे?

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढा. कोकणात गट नंबरापेक्षा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच जास्त चालतात, ते नीट उतरवून घ्या. मग ‘इतर हक्क’चा रकाना वाचा. तिथे खाजगी वनाचा शेरा असेल तर प्रकरण वेगळंच होतं. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशा जमिनी शासनाकडे गेल्या. काही नंतर मालकांना परत मिळाल्या, पण वनाचा दर्जा असेल तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो आणि केंद्राच्या मंजुरीवाचून घरं उभी राहू शकत नाहीत. असा शेरा दिसला तर पहिलं पत्र उपवनसंरक्षकांना.

सहहिस्सेदारांची नावंही मोजा. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत. एजंट दोघातिघांचा अविभक्त हिस्सा घेतो आणि पुढे सगळी जमीन आपलीच असल्यासारखा वागतो. फेरफाराची (सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची) नोटीस निघाली की पंधरा दिवसांत तलाठ्याकडे हरकत देता येते आणि ती सहहिस्सेदाराने द्यावी. गावातल्या दहा जणांच्या निवेदनापेक्षा एका हिस्सेदाराची सही जड पडते.

पुढचा कागद म्हणजे झोन दाखला आणि भाग नकाशा, जमीन कुठल्या विभागात येते ते सांगणारे. शहराच्या हद्दीत असेल तर नगरपरिषदेकडे, बाहेर असेल तर जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात अर्ज करा. इथे एक गोची आहे. २०२४ मध्ये कोकण किनाऱ्यावरच्या १३ विकास केंद्रांसाठी १०५ गावांत रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं आणि यादी नंतर वाढली. त्यामुळे आपल्या गावाचं नियोजन प्राधिकरण आज कोण, हे लेखी विचारून घ्या. चुकीच्या दारात दिलेली हरकत ही न दिलेली हरकत.

जमीन शेती किंवा हरित विभागात निघाली म्हणून लगेच पेढे वाटू नका. डिसेंबर २०२० पासून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत या विभागातही बऱ्याच गोष्टी चालतात आणि गावठाणापासून ठरावीक अंतरापर्यंत पैसे भरून रहिवासी वापर मिळू शकतो. पण त्याच नियमावलीत आपल्या उपयोगाचंही आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम चालत नाही. शेतघराला किमान ०.४ हेक्टर जमीन लागते, म्हणजे जवळजवळ एकर. जाहिरातीत ‘पाच गुंठ्यांत फार्महाउस’ असं छापलं असेल तर ते पत्रक जपून ठेवा. आमच्या फाइलीतला सर्वांत कामाचा पुरावा तेच रंगीत पत्रक होतं, आणि ते आम्हाला एसटी स्टँडवर फुकट मिळालं होतं.

जमीन समुद्राकडे किंवा खाडीकडे उतरत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, बघायचं. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ५० मीटर. बिल्डर सरसकट ५० म्हणतो, तुम्ही गावाची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ घेऊन भागाकार करा. खाडीकाठी हे अंतर ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. कांदळवन असेल तर हात आणखी बळकट. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाची तोड हा जगण्याच्या हक्कावर घाला मानला आहे आणि भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला आहे. तक्रार तहसीलदार, कांदळवन कक्ष आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या किनारी समितीकडे द्यायची.

घाटाच्या बाजूचे असाल तर पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या यादीत गाव आहे का तपासा. ३१ जुलै २०२४ चा मसुदा सहावा, महाराष्ट्राचं क्षेत्र १७,३४० चौरस किलोमीटर. त्यात २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांना मनाई आहे. मसुदा मसुदाच राहिलाय हे खरं, पण हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करा. सावंतवाडी-दोडामार्गच्या २५ गावांबद्दल उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये वेगळा आदेश दिलाय, तिकडच्या मंडळींनी तो हाताशी ठेवावा.

नोटीस पकडा

सगळ्यात जास्त लढाया इथेच हरल्या जातात. हरित पट्ट्याचा रंग कोणी रातोरात बदलत नाही, त्यासाठी नोटीस काढावी लागते. शहराची विकास योजना नव्याने होत असेल तर नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं आणि हरकतींना ३० दिवस मिळतात. मंजूर योजनेत एखाद्याच तुकड्याचा विभाग बदलायचा असेल तर कलम ३७, मुदत एक महिना. प्रादेशिक योजनेतला फेरबदल कलम २० खाली. ही तीन कलमं पाठ करा. नोटिशीत ‘हरित विभागातून रहिवास विभागात’ असे शब्द दिसले की त्या दिवसापासून कॅलेंडरवर खुणा.

नोटीस दिसते कुठे? राजपत्रात, पेपरच्या आतल्या पानात मुंगीएवढ्या टायपात आणि कार्यालयाच्या फलकावर, जिथे तिच्यावर लगेच लसीकरणाचं पत्रक चिकटवलं जातं. आम्ही वाटणी केलीय. झेरॉक्सवाला रोज दोन पेपर चाळतो, मी आठवड्याला राजपत्राचं संकेतस्थळ बघतो, शिक्षिकाबाई सोमवारी नगरपरिषदेत जातात. सोमवारच का? २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा स्तरावरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे असतात. पहिल्यांदा गेलात तर ‘असं काही नाही’ असं उत्तर मिळेल. शासन निर्णयाची प्रत खिशात असू द्या आणि आवाज चढवू नका. तिसऱ्या सोमवारी बाईंना चहा मिळाला होता.

माहिती अधिकाराचा अर्ज सोबत लावून द्या. १० रुपये, ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, म्हणून ‘सर्व माहिती द्यावी’ असलं लिहू नका. ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा अमुक, या जमिनीच्या विकास परवानगी अर्जाची, जोडलेल्या नकाशांची आणि टिपणीच्या पानांची प्रत’ एवढंच मागा. टिपणीची पानं (फाइलीवरचे अधिकाऱ्यांचे शेरे) मागायला विसरू नका, खरी गंमत तिथे असते.

आता आमची फजिती. पहिल्या प्रकरणात आम्ही दोनशेवर सह्या गोळा केल्या. शिमग्याला चाकरमानी आलेले, पालखी नाचून झाल्यावर सहाणेवरच (पालखी बसते त्या चौथऱ्यावर) कागद फिरवला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी गठ्ठा नेऊन दिला. खिडकीतल्या माणसाने ‘ठेवा, उद्या नोंद करतो’ म्हटलं, आम्ही हात जोडून घरी. दोन महिन्यांनी लेखी उत्तर आलं, विहित मुदतीत हरकत प्राप्त नाही. एक शिक्का नव्हता म्हणून दोनशे माणसं हवेत विरली. तेव्हापासून आमचा नियम असा. दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का, तोही मुदतीच्या आठ दिवस आधी. शिवाय तीच हरकत पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलने. खिडकीतला माणूस नोंद करीत नसेल तर तिथेच बाकावर बसून राहा. जेवणाची सुट्टी संपते, आपण उठायचं नाही.

हरकत कशी लिहायची

एकाच मजकुराच्या शंभर प्रती देऊ नका. त्या एकत्र बांधून एका ओळीत निकाली निघतात. वेगवेगळ्या दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे लिहिले तर दहा उत्तरं द्यावी लागतात. विहीरवाल्याने पाण्याचं लिहावं, धनगरवाड्यातल्याने चराईचं, रिक्षावाल्याने अरुंद रस्त्याचं, बागायतदाराने धुळीने मोहोर जातो त्याचं.

‘निसर्गरम्य कोकणाचा ऱ्हास थांबवावा’ हे वाक्य खोडा. असं लिहा:

‘सर्व्हे नंबर अमुक हा प्रारूप नकाशात हरित विभागातून रहिवास विभागात दाखवला आहे. या जमिनीच्या पूर्व उतारावर, सुमारे ३०० मीटरवर आमच्या वाडीची सार्वजनिक विहीर आहे. वाडीतल्या ४० घरांना दुसरा स्रोत नाही. प्रस्तावासोबत सांडपाण्याची योजना जोडलेली नाही. म्हणून हा बदल रद्द करावा आणि मला समक्ष सुनावणी द्यावी.’

शेवटचं वाक्य विसरलात तर सुनावणीचं पत्र येईलच असं नाही.

सडा मोजा

अधिकारी जागा बघायला येतात एप्रिल-मे महिन्यात. तेव्हा सडा काळा, भेगाळलेला, भट्टीसारखा तापलेला. त्यांच्या अहवालात ‘पडीक, वनस्पतीविरहित’ असं उतरतं आणि त्यांना खोटं तरी कसं म्हणायचं! तुमचे फोटो म्हणूनच ऑगस्ट-सप्टेंबरचे हवेत. श्रावणात त्याच कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा असतो, उथळ डबक्यांत बेडकांची अंडी, कडेला टिटव्या. तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं कॅमेऱ्याचं अ‍ॅप मोबाइलवर टाका. त्याच जागेवरून, त्याच दिशेने, दर महिन्याला एक फोटो. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना एकदा चिकूचं दूध पाजून सड्यावर न्या. त्यांनी सहीनिशी दिलेली झाडाझुडपांची यादी तुमच्या दहा पानी भावनांपेक्षा उपयोगी.

पाण्याचं सोपं आहे. जांभा सच्छिद्र असतो, पाऊस त्यातून झिरपत खाली जातो, खालच्या मातकट थराला लागला की आडवा सरकतो आणि पायथ्याला झरा किंवा पऱ्या होऊन बाहेर पडतो. सड्याखालच्या वाड्यांना मे महिन्यापर्यंत पाणी पुरतं ते यामुळे. आणि ज्या वाटेने पाऊस खाली जातो त्याच वाटेने साठ बंगल्यांच्या शोषखड्ड्यांतलं पाणीही जाणार. हा मुद्दा आमच्याकडे एका वहिनींनी वहीने सिद्ध केला. त्या दर महिन्याच्या एक तारखेला दोरीला दगड बांधून विहिरीत सोडतात, कठड्यापासून पाण्यापर्यंतची दोरी मीटर टेपने मोजतात आणि मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहितात. तारीख, मीटर, सही. वरच्या अंगाला चिऱ्यांसाठी खोदाई सुरू झाल्यावर पुढच्याच मे महिन्याचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा दीड मीटरने खाली होता. कोणत्याही तज्ज्ञाने एवढं स्वच्छ सांगितलं नसतं.

खोदाईवरून आठवलं. सपाटीकरणाच्या नावाखाली जांभा आणि माती उचलली जात असेल तर ते गौण खनिज. परवानगीशिवाय असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो. ट्रकचे नंबर, वेळ आणि फोटो घेऊन तहसीलदारांना द्या. बांधकाम परवानगीच्या भानगडीत वर्ष जातं, हा दणका आठवड्यात बसतो.

सड्यावर कातळशिल्प असेल तर पुरातत्त्व विभागाला लगेच कळवा. बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी अशी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तुमचं शिल्प त्या यादीत नसेल, तरी कळवलं की फाइलीत नोंद होते.

ग्रामसभेचा ठराव

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये ढकलू देऊ नका. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतलं जे कमी. ठरावाने परवानगी आपोआप थांबत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, पण पुढे न्यायालयात तो वजनदार कागद ठरतो. जैवविविधता समितीची लोकजैवविविधता नोंदवही कपाटातून काढायला लावा. बऱ्याच गावांत ती कोणीतरी बाहेरून करून दिलेली असते आणि त्यात सड्याचं पानच नसतं. ते पान भरा. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका छोट्या माशामुळे २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली, त्याचीही सुरुवात कोणीतरी मासा नीट बघून लिहून ठेवण्यातूनच झाली.

सुनावणीचा दिवस

पत्रात ११ ची वेळ असते, नंबर येतो ४ ला. डबा, पाणी आणि मूळ कागद घेऊन जा. तुम्हाला पाच मिनिटं मिळतील. आमच्या वेळी समोरून ‘काकू, थोडक्यात बोला’ असं आलं. वहिनींनी वही उघडून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘साहेब, मी बोलत नाही. तुम्ही वाचा.’ समितीतल्या एकाने खरंच दोन पानं वाचली. निघताना, मी दिलेले कागद इतिवृत्तात नोंदवा, असं सांगा आणि त्याची प्रत लेखी मागा.

तरीही परवानगी मिळाली तर

परवानगी मागणाऱ्याला अपील असतं, आपल्यासारख्या तिसऱ्याला ते दार जवळपास बंदच. पण माहिती चुकीची दिली असेल तर परवानगी मागे घ्या, असा अर्ज करता येतो. परवानगीपेक्षा वेगळं बांधकाम दिसलं तर नगररचना अधिनियमाची कलमं ५२ आणि ५३. महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प शोधा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि ८ पेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणी लागते आणि तिथे मंजूर नकाशे उघडे पडलेले असतात. आम्हाला तिथे कळलं की एकाच सड्याचे तीन भाऊबंद प्रकल्प दाखवलेत, प्रत्येकाचं बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या जरासं खाली. त्यावर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते. म्हणून तुकडे. घरबांधणीच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, तेव्हा कोणी बोलावेल याची वाट बघू नका, पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश संकेतस्थळावर स्वतः शोधा.

पर्यावरण मंजुरी दिली गेली असेल तर हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात ३० दिवसांत अपील; सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद. उच्च न्यायालयासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांना आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. रायगडवाल्यांना मात्र मुंबईच. वकील गाठताना पर्यावरणाची प्रकरणं चालवलेला बघा, आणि जाताना रडगाणं नेऊ नका. तारखांप्रमाणे लावलेली फाइल न्या. पहिल्या पानावर घटनाक्रम.

पैसे आणि धमक्या

वर्गणीची पावती द्या, हिशेब दर महिन्याला गटात टाका. एजंट पहिली अफवा पैशांचीच उठवतो. सड्यावर एकट्याने जाऊ नका, गाडी अडवली तर वाद घालू नका, व्हिडिओ चालू ठेवून निघून या आणि त्याच दिवशी पोलिसांत अर्ज द्या, त्यालाही आवक क्रमांक घ्या. समाजमाध्यमावर कोणाला चोर म्हणू नका. बदनामीची नोटीस आली की आपली शक्ती तिकडे जाते, आणि समोरच्याला हवं असतं तेच.

जिंकलेल्या प्रकरणात त्या सर्व्हे नंबरचा रंग हिरवाच राहिला. गेल्या दिवाळीनंतर त्याच जमिनीवर नव्या नावाने मोजणीचे खुंट आलेत. बाई परत सोमवारी जायला लागल्यात, वहिनींची वही भरली, दुसरी आणून दिली आहे.